पानगळीतली पाहणी

४ मार्च

झाड मेलं असं ठरवायला किती वेळ लागतो? जीपमधून उतरावंसुद्धा लागलं नाही!

सावलीची वाळलेली झाडं काढून नवी लावायला नगरपालिकेला सरकारी निधी आलाय. महिनाअखेर खर्च झाला नाही तर परत जाणार. एक झाड कमी पडत होतं. मोठे साहेब करवादले – ‘जरा डोळे उघडून शोधा की!’ बसथांब्यावरचं झाड उघडंबोडकं दिसलं. मी म्हटलं, हे घ्या.

या दिवसांत त्याची पानं दरवर्षी गळतात. मला ठाऊक आहे – वनस्पतिशास्त्राचा पदवीधर मी! साल नखाने खरवडायची, आत हिरवी असेल तर झाड जिवंत. नाही खरवडली. हिरवी निघाली असती, म्हणूनच.

११ मार्च

कापलं. खोड आतून ओलं.

इस्त्रीवाली मावशी वर्षानुवर्षं त्याच सावलीत टेबल मांडते. आज तिने ते भिंतीकडे ओढलं. ‘मेलं होतं का हो, साहेब?’

‘हो.’ घसा न खाकरता म्हणालो!

‘तुम्ही म्हणता म्हणजे मेलंच असणार.’

माझे शर्ट दिले. पैसे नेहमीसारखेच घेतले नाहीत – ‘घरच्यांकडून कसले पैसे!’

१२ मार्च

रोप लावलं, फोटो काढला. मावशीच्या गुडघ्याएवढं आहे.

१९ एप्रिल

ऑफिसच्या फाटकाशी त्याच जातीचं झाड आहे. हिरवंगार झालंय. मी मागच्या दाराने जातो.

शर्टांना घरीच इस्त्री करतो. आज कॉलर जाळली. बायको म्हणाली, ‘मावशीशी भांडलास की काय? की शर्टाशीच वैर आहे?’ हसण्यावारी नेलं.

मावशी डोक्यावर ओला टॉवेल टाकून निखाऱ्यांची इस्त्री फिरवते. वर ऊन, खाली निखारे. आमचा शिपाई सांगत होता, हल्ली दुपारी टेबल आवरते, निम्मं गिऱ्हाईक तुटलं. आणि मी इथे बसून वाईट वाटून घेतोय – तेवढंच जमतं मला.

३ मे

मावशीला सांगून टाकलं. झाड जिवंत होतं.

तिचा हात थांबला नाही. ‘माहीत होतं, साहेब. कापताना कोंब दिसत होते.’

‘मग तेव्हा का नाही बोललात?’

‘इथे बसायची परवानगी तुमच्याच ऑफिसातून मिळते ना!’

मी आजवरच्या इस्त्रीचे पैसे पुढे केले. तिने घाबरून हात मागे घेतले.

इतकी वर्षं मी त्याला माया समजत होतो.