आबांच्या इंजिनाचं अर्थिंग

नाशिकरोड,
१ जून २००५

चि. सौ. छायास,
अ. आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू भावाला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. आमच्या साईनं जर्मनीहून छोट्या आगगाडीसाठी तीन डिकोडर पाठवलेत, हे तुझ्या वहिनीनं कळवलंच असेल. वत्सलाच्या पोटात काही राहत नाही. नखाएवढी पट्टी इंजिनात बसवली की ते रिमोटवर हवं तसं चालतं, दिवाही लागतो. आबांनी स्वतः पितळ कापून बनवलेलं इंजिन आपल्यापैकी जो असं पळवून दाखवील त्यालाच ते देणार म्हणे. ब्याऐंशीव्या वर्षी पोरांच्या शर्यती लावतात!

बसवण्याआधी प्रत्येक डिकोडर तपास, असा तुझा निरोप मिळाला. सिन्नरच्या कारखान्यात पंधरा वर्षं लोकांच्या चुका शोधून तुला जिथंतिथं खोटच दिसते. मी तीस वर्षं वायरमन होतो, बाई. मोटारीला इंजिनाच्या बॉडीचं पक्कं अर्थिंगसुद्धा दिलंय; तुझ्या साहेबांना तरी सुचलं असतं का? रविवारी गाडी पळेल.

तुझा,
मल्हारी

नाशिकरोड,
६ जून २००५

चि. सौ. छायास,
आशीर्वाद.

दोन डिकोडर गेले. पहिला धूर काढून, दुसरा तेवढीही तसदी न घेता. सगळा माल रद्दी आहे. आबा समोरच बसले होते; त्यांनी नाकाला रुमाल लावला. तिसरा काड्यापेटीत घालून पाठवतोय. तुझ्या त्या तपासणीच्या बोर्डावर लावून तोही बाद आहे असं लिहून पाठव, म्हणजे साईला खडसावता येईल. एवढं एक काम तरी नीट कर.

मल्हारी

सिन्नर,
१३ जून २००५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डिकोडर ठणठणीत आहे, त्याच काड्यापेटीतून परत पाठवतेय. बोर्डावर सुटी मोटार आणि दोन बारके दिवे जोडून तासभर चालवला. पुढे, मागे, हळू, जोरात, कुठं अडला नाही.

तेव्हा माल रद्दी नाही, वायरमन रद्दी आहे. म्हणे अर्थिंग! अरे, ते इंजिन आहे, गिझर नव्हे. बॉडी चाकांना लागलेली, चाकं रुळांना. मोटारीची वायर बॉडीला बांधून तू रुळातला करंट सरळ डिकोडरमध्ये घुसवलास. दोन्ही तूच जाळलेस. आधी ती वायर काप. मग मीटरचं एक टोक मोटारीला आणि दुसरं चाकांना लाव. मीटर वाजला तर डिकोडरला हातसुद्धा लावू नकोस.

हे सांगितलं म्हणजे इंजिन तुझं झालं, एवढं मला कळतं. डिकोडर ठेवून घेऊन मीच येऊन बसवला असता. पण मी आले की तू घरातून उठून जातोस आणि आबांचं तोंड एवढंसं होतं. इंजिन मला फार हवं होतं रे. ते तुझ्यासारख्या अडाण्याच्या हाती जाणार, याचं रडू येतंय.

लोभ असो नसो, पोच असावी.

छाया

नाशिकरोड,
२० जून २००५

चि. सौ. छायास,
आशीर्वाद.

गाडी पळाली. दिवाही लागला. डोकं लढवून दोष मीच शोधला, असं आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि वत्सलाला तुझं पत्र वाचायला लावलं. त्या बाईनं ते आदल्या दिवशीच त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं! तिसऱ्यांदा माझ्या तोंडावर वाचलं, रद्दी वायरमनसकट. आबा हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदाच हसले, म्हणून मी गप्प बसलो.

इंजिन तुझं ठरलं. एस.टी.नं पार्सल करतो म्हटलं, तर नाही म्हणाले. मीच मांडीवर घेऊन जायचं. रविवारी येतोय. जेवायला थांबणार नाही. वत्सला म्हणते, थांबावं लागेल.

स्टँडवरून कुठं वळायचं ते लिही. आणि तुझ्या मिस्टरांना काय म्हणून हाक मारायची, तेही लिही. लग्नाला बारा वर्षं झाली, मी अजून मारलेली नाही.

मल्हारी