कप्तान लिनार्दोसचं बारावं मूल

लुत्रा, किथनोस
गुरुवार, १७ सप्टेंबर १९९८

प्रिय कॅलिरोईताई,

तुम्ही सगळे बरे असाल. भाऊजींचा खोकला व्होलोसच्या दमट हवेत पुन्हा सुरू झाला नसेल अशी आशा करते. मी बरी आहे. बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे.

पत्ता पाहून दचकू नकोस. गुडघ्यांसाठी आले. पिरेयसला आमच्या खालच्या मजल्यावर ओलिंपिया राहते, तिनेच मागे लागून आणलं. इथे ऊन पाण्याचा झरा थेट समुद्रात उतरतो. तिथे दगड रचून खळगा केलेला आहे, त्यात आम्ही म्हाताऱ्या डोक्यावर टोप्या घालून बसतो. एका मांडीला चटका बसतो, दुसरीवर गार लाट येते. बरं वाटतंय की वाईट, ते शेवटपर्यंत ठरत नाही. मग अंजिरं खायची, झोपायचं, उठून पुन्हा पाण्यात. सकाळी भूक लागली की चीजचे तळलेले गोळे. वजन वाढलं.

दहा दिवसांसाठी आले होते. आज तेविसावा. ओलिंपिया केव्हाच परत गेली. जाताना म्हणाली, "गुडघे बरे झालेले दिसतात. सारखी उठून केस सारखे करतेस."

हवा छान आहे. वारा पडला आहे.

त्याचं नाव पांडेलिस. लिहिलं एकदाचं. पासष्ट वर्षांचा, इथलाच, विधुर. मालवाहू जहाजांवर इंजिनियर होता. आता एक छोटी होडी आहे आणि रविवारी चर्चमध्ये स्तोत्रं म्हणतो. आवाज चांगला आहे, हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात त्याने मला आणि ओलिंपियाला होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवलं. दुसऱ्या आठवड्यात ओलिंपियाला होडी लागायला लागली. आधी कधी लागत नव्हती, तेव्हा काय ते समज.

परवा आम्ही कोलोनाला गेलो होतो. वाळूची चिंचोळी पट्टी आणि दोन्हीकडे समुद्र. त्याने मासा भाजला, काटे काढून माझ्या ताटलीत ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात आमचे पाद्री, पापा-मेथोडिओस, मोकळे आहेत."

"कशासाठी मोकळे?"

"आपल्यासाठी. बाप्तिस्म्याचे दाखले लागतील. माझा मी काढून ठेवलाय."

"आणि मला विचारायचं राहिलंच वाटतं?"

"विचारतोच आहे की. मासा खा, गार होतोय."

मी खाल्ला. मग तो आपल्याच नादात बोलत राहिला. म्हणाला, तुझं नाव ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. माझ्या धर्मपित्याच्या गलबताचं नाव एव्हांथिया. कप्तान लिनार्दोस. मडकी, रांजण, कलिंगडं भरून सगळ्या बेटांना फिरायचा. "जाईल तिथे बाप्तिस्म्यात धर्मपिता होऊन एखाद्या पोराला तेल लावायचा. अकरा पोरगे. पोरगी एकही नाही. म्हणायचा, मी तेल लावलेला एखादा पोरगा उद्या मीच तेल लावलेल्या पोरीच्या प्रेमात पडला, तर भावाबहिणीचं लग्न लागायचं. नको ती भानगड!" आणि हसला. "त्या एव्हांथियावर मी चार वर्षांचा असताना ओकलो होतो. तुला त्याची भरपाई देतो."

ताई, मी हसले नाही. माझ्या हातातला पाव तसाच राहिला.

आपल्या घराण्यात एव्हांथिया कुणीच नाही. आजी मरिना, आत्या मरिना, आईला मरिनाच हवी होती. दाखल्यात धर्ममाता म्हणून सिरोसच्या फ्रोसोबाईंचं नाव आहे आणि आई सांगायची की नाव त्यांच्या आवडीचं. पण आई चर्चमध्ये कुठे होती? रिवाजाप्रमाणे घरी वाट बघत होती. चर्चमध्ये पुकारलेलं नाव ऐकून धावत घरी आलीस ती तू. नऊ वर्षांची होतीस. आणि मी सहा वर्षांची असताना तुझी बाहुली विहिरीत टाकली, त्या दिवशी तू ओरडली होतीस, "तुझं नाव गलबतावरून ठेवलंय! वादळात फ्रोसोबाई आल्याच नव्हत्या!" आईने तुझ्या थोबाडीत मारली. मी इतकी वर्षं समजत होते की ती मला चिडवल्याबद्दल. पण चिडवल्याबद्दल आईने तुला कधी हात लावला नव्हता.

मला कुणी धरलं होतं, ताई? बाप्तिस्म्याच्या पाण्यातून काढल्यावर मी कुणाच्या हातात होते?

हे विचारायला पत्र लिहायला घेतलं. पण एवढंच विचारून पाकीट बंद करावं, तर ते खोटं होईल.

त्या पट्टीवर मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. वाटलं, सुटले. आता मला 'नाही' म्हणावं लागणार नाही, चर्चच म्हणेल. आणि तो शब्द मनात येताच तू आठवलीस. फोटिस गेला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर सगळे प्रसादाच्या उकडलेल्या गव्हाच्या पुड्या घेऊन निघाले होते, आणि तू माझ्या कानाशी म्हणालीस, "आता श्वास घे, एव्हांथिया. सुटलीस." त्यावर मी तुला घराबाहेर काढलं. बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे असं वर म्हटलं, ते चार वर्षांनी. तू दर वर्षी माझ्या नामदिनाला, माझ्या नावाच्या संताच्या सणाला, कार्ड पाठवलंस. चारही माझ्याकडे आहेत. एकालाही उत्तर दिलं नाही.

तू म्हणालीस ते खरं होतं. एकतीस वर्षांच्या संसारात तो माणूस ओरडला नाही, मारलं नाही. फक्त सगळं त्यानेच ठरवलं. माझ्या कॉफीत साखर किती, हेसुद्धा. तो गेल्यावर पहिल्यांदा कॉफी करायला उभी राहिले, तर मला कशी आवडते तेच माहीत नव्हतं. तुझा राग आला, कारण हे तुला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हणून पांडेलिसने न विचारता पाद्री ठरवला, तेव्हा फोटिसच समोर बसल्यासारखं वाटलं. आणि काटे काढून मासा दिला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. एकाच जेवणात. सांग, यातून मी काय समजायचं?

शुक्रवार, दुपार

पत्र काल टाकलं नाही. आज सकाळी त्याला सांगून टाकलं, धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात, की मलाही कप्तानानेच तेल लावलं असावं.

"कोण म्हणतं असं?"

"माझी बहीण. भांडणात."

तो हसायलाच लागला. "भांडणात माझी बहीण म्हणायची की मला गाढवाच्या बदल्यात आणलंय."

"आईने तिला थोबाडीत मारली होती, पांडेलिस."

मग हसणं थांबलं. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. "दाखल्यात काय आहे?"

"फ्रोसोबाईंचं नाव."

"म्हणजे पाद्रीबाबांची अडचण नाही."

"नाही."

"माझी आहे." टोपी उचलली. "एका हाताने तेल लावलेली ती भावंडं. हे माझ्या बापाने मला शिकवलं. दर रविवारी मी तिथे उभा राहून गातो, एव्हांथिया." आणि निघून गेला.

झालं की मनासारखं! मला हेच हवं होतं ना? मी तिथे बसून राहिले आणि मला असा संताप आला म्हणून सांगू. एवढ्यात सोडलं? एका टोपीसरशी? मी उठले आणि गुडघ्यांना न विचारता त्याच्या घरापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या चढले. तो अंगणात जाळं पसरून बसला होता. दुरुस्त वगैरे काही करत नव्हता, नुसता बसला होता.

मी म्हटलं, "मला तुला नाही म्हणायचं होतं. हे कारण सापडलं तेव्हा मला बरं वाटलं. आता तू नाही म्हणालास, तर राग येतोय."

"मग तुला हवं काय?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नसताना एवढ्या पायऱ्या चढून आलीस?"

 त्याने खुर्ची दिली. कॉफी करायला आत गेला आणि दारातून डोकावून विचारलं, "साखर किती?"

मी म्हटलं, "बिनसाखरेची." हे माझं मीच शोधून काढलं आहे, ताई, या चार वर्षांत.

मग तो म्हणाला, "तुझ्या बहिणीला विचार. ती तिथे होती. ती लिहील ते मी मानेन." आपण चार वर्षं बोलत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. लाज वाटली.

तासाभरापूर्वी मी या कागदावर लिहिलं होतं की तू फ्रोसोबाईंचं नाव लिहून पाठव, मग खरं काहीही असो. त्या ओळी मी फाडल्या. वरचा कागद आखूड दिसेल तो त्यामुळे. आपल्या घरात खोटं न बोलणारी तू एकटी. त्यापायी आईची थोबाडीत खाल्लीस आणि माझ्या दारातून बाहेर गेलीस. तिसऱ्यांदा तुला त्याच जागी उभं करणार नाही.

तेव्हा जे पाहिलंस ते लिही. पत्र त्याच्या नावाने पाठव, पत्ता पाकिटात आहे. फ्रोसोबाई असतील, तर मी चर्चला जाईन, पण तारीख मी सांगेन. कप्तान असेल, तर मी त्याला म्हणणार आहे की नगरपालिकेतही लग्न लागतं, तिथे चल. कदाचित तो येणार नाही. त्याला ते पाप वाटलं, तर मी त्याला ओढून नेणार नाही. पण तेव्हा नाही म्हणणारा तो असेल. मी विचारलेलं असेल.

 हे शहाणपण की साठीतला वेडेपणा, हे अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर तेही लिही. तुझ्या पत्राचा मला राग येईलही कदाचित. आला तरी या वेळी उत्तर देईन.

तुझी धाकटी,
एव्हांथिया