मी ओरडले, माय

माय, आज सव्वा महिना पुरा झाला. सासूबाईंनी सकाळी बाळाला आणि मला न्हाऊ घातलं, देवापुढं उभं केलं, आणि आता मला अंगणापलीकडं जायची मोकळीक आहे. दुपार आहे. तुझी नात पाळण्यात झोपली आहे, मुठी आवळून, कुणाशी तरी भांडायच्या तयारीत असल्यासारखी. तू जाऊन इतकी वर्षं झाली. कितीदा तुला काही सांगावंसं वाटलं आणि राहून गेलं. पण हे सांगायलाच हवं, कारण इथं कुणी विचारत नाही. बाळ कसं आहे विचारतात, दूध पुरतं का विचारतात, पण मला कसं झालं ते नाही. तर ऐक. मी बाळंत होताना ओरडले. नुसती कण्हले नाही. अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं, छातीच्या तळापासून ओरडले. आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

धाकटा भाऊ झाला तो दिवस मला आठवतो. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा. आजी मला चुलीपाशी बसवते आणि म्हणते, "इथून हालू नको." चुलीवर पाण्याचं पातेलं आहे. मधल्या दाराला चादर लावली आहे आणि चादरीपलीकडं तू आहेस. मी कान देऊन बसते. सुईणीचा आवाज येतो, आजीचा येतो, तुझ्या बांगड्या भिंतीवर घासल्याचा येतो. तुझा येत नाही. मला वाटतं, तू आत नाहीसच, तुला कुठं तरी नेलं. मग एकदम बाळ रडतं आणि आजी चादर सारून शेजारणींना सांगते, "हूं नाई का चूं नाई. माह्या सुनेनं भिंतीलेबी ऐकू जाऊ देल्लं नाई!" पुढं कितीतरी वर्षं प्रत्येक बारशाला आजी हे सांगायची आणि तू मान खाली घालून हसायचीस. त्या घरात तुझं कौतुक झालेलं मी तेवढ्याच एका गोष्टीवरून पाहिलं. म्हणून तू ते गप्प राहणं आयुष्यभर जपलंस, आणि मलाही तेच द्यायला निघालीस.

मक्याच्या कडब्यात मला विंचू चावला तेव्हा मी बोंब मारली, तर विंचू मारायच्या आधी तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. "गप. लोकं ऐकून राह्यले." पाय पेटला होता माझा, आणि तुला बांधावरच्या लोकांची पडली होती. जळगाव जामोदच्या बाजारात तर तू वांग्यांचा ढीग लावून नुसती बसायचीस. आजूबाजूच्या बाया हाका मारून गिऱ्हाईक ओढायच्या आणि आपली वांगी उन्हात सुकायची. एकदा मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि ओरडायला लागले, "काटेरी वांगे घ्या, ताजे वांगे घ्या!" माणसं वळली, बघता बघता ढीग संपला. घरी येताना तू मला रस्ताभर बोललीस. "पोरीच्या जातीनं एवढा गळा काढू नाई. उद्या कोन पत्करीन तुले?" आणि बोलता बोलताच पदराच्या गाठीतून रेवड्यांची पुडी काढून माझ्या हातात दिलीस. ती कधी घेतलीस ते मला कळलंही नव्हतं. रागावत होतीस की शाबासकी देत होतीस, मला आजही नक्की सांगता येत नाही.

पण पुढचं मला नक्की सांगता येतं. मी बारावीला होते त्या वर्षी तू पहाटे सगळ्यांच्या आधी उठून विहिरीवर जायला लागलीस. आम्हाला वाटलं, उन्हाच्या आत धुणं आटपते. तू रक्ताचे कपडे धूत होतीस. किती महिने, ते तुलाच ठाऊक. वांगी तोडताना वाफ्यात बसून राहायचीस, मी विचारलं की म्हणायचीस, "काई नाई, कंबर धरली." शेवटी चक्कर येऊन पडलीस तेव्हा बाबांनी अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि बाबांना बाहेर बोलावलं. पोटातली गाठ केव्हाच पसरली होती. बाबा आत येऊन रडत म्हणाले, "आधी काऊन नाई सांगतलं वं?" तू म्हणालीस, "सांगून काय, तुमाले अजून तरास."

तू गेलीस त्या दिवशी अंगणात बसलेल्या बाया काय म्हणत होत्या, माहीत आहे? "किती सोसलं माउलीनं. कुनाले पत्ता लागू देल्ला नाई." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात कौतुक. मी आत भिंतीला टेकून बसले होते आणि मला रडू येत नव्हतं, राग येत होता. त्यांचा, आजीचा, आणि सगळ्यात जास्त तुझा. आमच्यापेक्षा तुला ते कौतुक जवळचं वाटलं, असं मला त्या दिवशी वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं. हे मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. मी बोलते आहे.

तुला हे ठाऊक नाही की मी पुढं एसटीत कंडक्टर झाले. दिवसभर ओरडायचाच धंदा. "पुढं सरका, दारात उभं राहू नका, नांदुऱ्यावाले उतरा!" भरलेल्या गाडीत मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यालाही माझा आवाज पोचतो. तुला वाटायचं तसं काही झालं नाही. पत्करणारा मिळाला. तुझा जावई डेपोत मेकॅनिक आहे आणि म्हणतो, "इंजिनाच्या आवाजातही तुझा आवाज ओळखू येतो."

तर त्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या आणि आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो. नाव लिहून काय करायचं. कळ यायची तेव्हा कुणीतरी कंबरेतून मला पिळून काढतंय असं वाटायचं, आणि मी ओरडायचे. तिथली नर्स वैतागली. "एवढं काय बोंबलून राह्यली? जगात तूच एकटी बाई आहेस काय लेकरू होणारी?" सासूबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरी, पदर धर दातात." मी दोघींना एकच उत्तर दिलं, "दुखते मले, तर ओरडीनच मी." नर्सनं मांडीवर चापट मारली. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "बाई, हात लावाचा तर मदतीले लावा." त्यानंतर तिनं मारलं नाही.

दुपार कलली तेव्हा मुलगी झाली. नर्स हळूच, दुखवट्याला आल्यासारखी म्हणाली, "पोरगीच आहे." माझ्यात बसायचंही त्राण नव्हतं, पण मी म्हणाले, "मोठ्यानं सांगा. बाहेर तिचा बाप उभा आहे." मग तिनं दारात जाऊन खरंच मोठ्यानं सांगितलं. बाहेरून जावई तुझा "अरे वा!" म्हणून असा ओरडला की मला तशातही हसू आलं.

खरं पुढं आहे. मला वॉर्डात आणून टाकलं. सासूबाई बाळाला पुसायला घेऊन गेल्या. थोड्या वेळानं माझ्या पाठीखाली ओलं, गरम लागायला लागलं. अंगात मात्र थंडी भरली. मी नर्सला सांगितलं, तर ती दारातूनच म्हणाली, "थोडं जातेच. पडून राह." मी पडून राहिले. चादर भिजत चालली आणि छत लांब लांब जायला लागलं. कसं सांगू, त्यात एक सुख होतं. गप्प पडावं, डोळे मिटावेत, कुणाला त्रास नको. आणि माय, तिथं मला तू दिसलीस, विहिरीवर वाकलेली, कपडे चोळत असलेली. मला इतका राग आला की त्या रागानंच मी डोळे उघडले. आणि मी गाडीत ओरडते तशी ओरडले, "रक्त जाऊन राह्यलं! डॉक्टरले बोलवा!" नर्स धावत आली, "हळू, बाकीच्या बाया झोपल्या." मी थांबले नाही. आवाज फाटला तेव्हा पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं माझ्या चादरीकडं पाहिलं. तिचं सिझर झालं होतं, मला आणल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिनं पोटावर हात दाबून धरला आणि ओरडायला लागली, "अवं, ते बाई मरून राह्यली! या ना कोनी!" मग तिसरी. सगळा वॉर्ड ओरडायला लागला.

डॉक्टर जेवणाचा हात न पुसता आले. त्यांनी पोट दाबलं, सुया दिल्या, तुझा जावई रक्ताच्या पिशवीसाठी पळाला. मला त्यातलं अर्धंच आठवतं. दुसऱ्या दिवशी तीच नर्स आली, दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "गळा बसला तुमचा. कोमट पानी प्या." तुमचा म्हणाली. माफी मागितली नाही, आणि मीही मागितली नाही.

घरी आल्यावर शेजारची काकू सासूबाईंना दारातच म्हणाली, "तुह्या सुनेनं दवाखाना डोक्यावर घेतला म्हने!" मला वाटलं, आता यांची मान खाली जाणार. त्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "हाव, घेतला. म्हनून घरी आली."

गावाकडून तुझ्या ओळखीच्या बाया बाळाला बघायला आल्या की अजूनही म्हणतात, "माय कशी गरीब गाय होती, पोरगी कोनावर गेली कोन जाने." मी सरळ सांगते, मी तिच्यावर गेले नाही आणि माझी पोरगीही जाणार नाही. आंघोळीला घेतलं की ती किंचाळते, गल्ली गोळा होते. मी तिच्या तोंडावर हात ठेवत नाही. तुला हे पटणार नाही. न पटू दे.

हे कुठं पाठवायचं नाहीच आहे, म्हणून शेवटी एक खरं लिहून टाकते. तुझं एकेक वाक्य मी इथं लिहिलं, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. पण तुझा आवाज आठवत नाही. किती दिवस प्रयत्न करते आहे. तू इतकं हळू बोलायचीस की तो माझ्याकडं उरलाच नाही. "गप" हा शब्दसुद्धा मला आता माझ्याच आवाजात ऐकू येतो.