चार आणि पाच यांच्यामधली काकू

तंजावूर, मंगळवार, सकाळची कॉफी झाल्यावर

चि. मुरलीस,

काकाचे पोटभर आशीर्वाद. पुण्याच्या थंडीत कान झाकतोस ना? इथं सगळं ठीक. माझा गुडघा जिना पाहिला की रडतो, सपाटीवर हसतो. देवनागरी मी उतारवयात आपली आपणच शिकलो, त्यामुळे अजून एकेक अक्षर तोंडानं म्हणत म्हणतच लिहितो. पत्र लांबलं की घसा बसतो, एवढाच काय तो त्रास.

तिरुवैयारूच्या भजनमेळ्यासाठी तू वेबवर केलेला नावनोंदणीचा फॉर्म फार देखणा आहे. (शेजारच्या राजमलाही त्याचा निळा रंग आवडला. तिला निळं सगळंच आवडतं.) काकूचं नाव घातलं, वय घातलं (तिनं सांगितलेलं), आणि गाडी ‘पट्टी’ या चौकोनाशी अडली. थायरॉइडच्या ऑपरेशनआधी ती, आमच्याकडच्या पट्टीच्या मापानं, साडेपाच कट्टैत गायची, हे तुला ठाऊक आहे. नंतर दोन वर्षं देवापुढेही नुसते ओठ हलवी. मग रोज सकाळी दारात रांगोळीचं कोलम घालून झालं की आवाज चाचपत चाचपत ती साडेचारात येऊन बसली, मांजर घरभर हिंडून शेवटी एकाच गोणपाटावर बसतं तशी.

म्हणून मी 4.5 लिहिलं. फॉर्म म्हणाला, योग्य आकडा घाला. जवळचे दोन आकडे चार आणि पाच. टिंब काढून पाहिलं तर पंचेचाळीस झाले, तेव्हा म्हणाला, सातच्या वर चालत नाही. (पंचेचाळीस कट्टैत वटवाघळंच गात असतील.) मग उमगलं. तुम्हा पुण्याच्या पेटीवाल्यांचं पांढरी चार, काळी तीन असं सगळं अख्ख्या आकड्यांत. आमची साडेचार ती तुमची काळी तीन. ज्याच्या पानात डोसा अख्खाच पडतो त्याला अर्धा कुठून सुचणार? तुझा दोष नाही, बाळा.

दोष माझा. अर्ध्यानं काय बिघडतं म्हणून मी पाच घातले आणि बटण दाबलं. लगेच सरावासाठी पाचाच्या पट्टीतलं तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग काकूच्या फोनवर आलं. फॉर्म मी भरलेला, तेव्हा तंबोरा साडेचाराचाच, असा तिचा विश्वास. पहिली ओळ कशीबशी निभावली. वरच्या षड्जाला आवाज फाटला. तीनदा फाटला. तिनं फोन उपडा ठेवला, भजनाची वही फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यामागे सारली आणि म्हणाली, “झालं हो. गळा संपला माझा. नाव काढून टाका.” मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यात इडली घातली.

त्याला आज चार दिवस झाले. घरात सुरात आहे तो एक मिक्सर.

तुझा,
कृष्णस्वामी काका

ता. क. : खरं काम हे, की त्या चौकोनात दशांश चालू दे. आणि काकूला फोन करून सांग, चूक फॉर्मची होती. माझं नाव घेऊ नकोस. मला अजून याच घरात जेवायचं आहे.

दुसरा ता. क. : फोन करू नकोस. मी म्हणत म्हणत लिहितो हे वर सांगितलंच, पण स्वयंपाकघराला दार नाही हे विसरलो. हाताला पीठ तसंच घेऊन ती आली. “पाच घातलेत? मी चार दिवस गळ्याचं सुतक पाळलं आणि तुम्ही इडल्या गिळत होता?” मग पदरात तोंड घालून ती हसली की रडली, मला कळलं नाही. वही मात्र डब्यामागून निघाली.

तिसरा ता. क. : ती आतून सांगते आहे, साडेचाराहून केसभर खाली हवं, 4.43. तेव्हा टिंबापुढं किती घरं ते मोजत बसू नकोस, मोकळं सोड. आता थांबतो. ती म्हणते, लिहिणं बंद करा, माझ्या सुरात तुमची बाराखडी मिसळते आहे.