सातव्या इनिंगनंतरचं खोटं

पनवेल,
८ ऑक्टोबर २०१२

प्रिय फहाद,

सलाम. पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते उघडलंच नसतंस, म्हणून पत्ता हरेशकडून लिहून घेतला. वेणूकाकींचा हा हरेश उद्या रात्री दोह्याला परत निघतोय, बुधवारी तो हे तुझ्या हातात देईल. बघ, पत्राची सुरुवातच लबाडीने झाली. तू दीड महिना माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता.

अब्बा बरे नाहीत. दर शुक्रवारी अम्मी तुला फोनवर "सगळं ठीक" म्हणते, कारण ती अब्बांच्या उशाशी बसून बोलत असते. पाय सुजलेत, दोन घास खाल्ले की उलटी होते, बोलताना दम लागतो. डॉक्टरांनी डायलिसिस लगेच सुरू करा म्हणून सांगितलंय. सुरू केलं तर माणूस पुष्कळ वर्षं काढू शकतो, नाही केलं तर दोन आठवडे, फार तर तीन. हे खरं आहे. मी लिहितेय म्हणून तुला शंका येईल, पण हे अक्षर न् अक्षर खरं आहे. आणि अब्बा नको म्हणतायत. मशीनला घाबरून नाही रे. मी सांगतेय म्हणून नको म्हणतायत.

मी असं का केलं हे तू त्या दिवशी विचारलं होतंस, आणि उत्तर ऐकायला थांबला नव्हतास. आता वाच.

आपल्या घरात हे बेसबॉलचं खूळ कसं शिरलं ते तुला सांगायला नको, तरी सांगते. अब्बा जहाजावर कुक होते आणि अठ्ठ्याऐंशी साली त्यांचं जहाज बाल्टिमोरला अडकून पडलं होतं. कोणीतरी खलाशांना मॅचला नेलं. बाल्टिमोरचा संघ सीझनच्या सुरुवातीलाच लागोपाठ एकवीस सामने हरून घरी परतला होता, आणि तरी मैदानात बसायला जागा नव्हती. अब्बांना खेळातलं ओ की ठो कळलं नाही. पण हरून आलेल्या पोरांसाठी अख्खं गाव टाळ्या वाजवतंय, हे पाहून त्यांचं मन तिथेच राहिलं. येताना ते एक हातमोजा घेऊन आले. चौघांत एकच. करंजाड्याच्या मोकळ्या प्लॉटांवर आपण झेल खेळायचो तेव्हा एकाच्या हातात मोजा आणि बाकीच्यांचे तळवे लाल. अम्मी ओढणी खोचून उभी राहायची आणि तिचा झेल कधी सुटायचा नाही. आजूबाजूची पोरं क्रिकेट खेळता खेळता थांबून आपल्याकडे बघत राहायची.

आणि संघही काय मिळाला! आपलं सगळं बालपण तो हरत होता. सायबर कॅफे उघडला की तू सायकलवरून स्कोअर बघायला जायचास आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशी तुझा चेहरा पाहिला की मला कळायचं. सात साली टेक्ससकडून तीस-तीनने हरले तो दिवस आठवतो? तू घरात यायलाच तयार नव्हतास. शेवटी अब्बांना सांगितलंस, तर ते पोट धरून हसले. "तीस? अरे, इतके रन काढताना ते थकले कसे नाहीत?" म्हणाले, आणि त्या दिवशी स्वतः मटण आणून स्वतः शिजवलं. हरणं त्यांना येत होतं, फहाद. मलाच येत नव्हतं, आणि हे मला फार उशिरा कळलं.

घरी नेट आल्यानंतरचे दोन रमजान माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. सहेरीची वेळ संपायला आणि तिकडे पहिला बॉल टाकायला एकच गाठ. खजूर, खिमा, चहा आणि मधोमध कॉम्प्युटर. चित्र नाहीच, बॉल कुठे पडला ते दाखवणारे नुसते रंगीत ठिपके, आणि त्या ठिपक्यांवर चौघांचा जीव. नमाज पढून परत येईपर्यंत दोन इनिंग झालेल्या असायच्या. आपला आरडाओरडा ऐकून वेणूकाकी खिडकीतून विचारायच्या, "काय गो, तुमच्यात रोज सकालीच कोन जिंकतंय?" आणि अम्मी म्हणायची, "कोनी नाय जिंकत, तरी बसतात."

मग अकरा साली तू दोह्याला गेलास आणि दोन महिन्यांत साखरेने अब्बांचे डोळे गेले. एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला तेव्हा ते पलंगावर बसून म्हणाले, "झेबा, तू वाच, मी बघतो." मी वाचायला लागले. पहिले काही दिवस जे होतं तेच वाचलं. मग एक दिवस संघ लागोपाठ सहावी मॅच हरत होता आणि अब्बांचा तो अंधारात काहीतरी शोधणारा चेहरा माझ्याने बघवेना. सातव्या इनिंगपर्यंत खरं वाचलं. पुढे एक होमरन माझ्या मनाने मारला. त्यांनी पलंगावर हात आपटला, अम्मीला हाक मारली, पोटभर जेवले. त्यानंतर मला ती सवयच लागली. सात इनिंग खऱ्या आणि शेवटच्या दोन माझ्या. अब्बांचा हिशेब पक्का, त्यामुळे कोणती मॅच कितीने जिंकवली ते मी शाळेच्या हजेरीपटामागे लिहून ठेवायचे. सप्टेंबरमध्ये मी संघाला एका सामन्याच्या फरकाने बाद केलं, कारण पुढच्या फेऱ्या रचायची हिंमत नव्हती. खरं तर ते त्र्याण्णव सामने हरले होते. तुझा फोन आला आणि मॅचचा विषय निघाला की मी अब्बांच्या हातून रिसीव्हर घेऊन घाईघाईने अम्मीकडे द्यायचे.

एकदा खोटं पचलं की दुसरं सोपं जातं. या जानेवारीत किडनीचा रिपोर्ट आला तेव्हा अम्मी आणि मी दवाखान्याच्या जिन्यातच ठरवलं की सांगायचं नाही. मोठे चाचा मशीनवरच गेले, तेव्हापासून अब्बांना त्या मशीनची किती धास्ती आहे ते तू जाणतोस. मी घरी येऊन त्याच आवाजात वाचून दाखवलं, "क्रिएटिनिन नॉर्मल." अम्मीने गुपचूप मीठ कमी केलं आणि अब्बा रोज म्हणायचे, जहाजावर असा सालन केला असता तर मला समुद्रात टाकला असता.

मग रमजान आला. डॉक्टरांनी रोजे अजिबात नको म्हणून सांगितलं होतं. मी अब्बांना साखरेचं कारण दिलं. ते म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल हाय ना? मग अल्लाला काय सांगू?" तेव्हाच मी बोलायला हवं होतं. एक वाक्य, फहाद. मी बोलले नाही. तू सुट्टीवर आलास तोपर्यंत त्यांचे वीस रोजे झाले होते, जुलै-ऑगस्टचे, पाण्याच्या थेंबाशिवाय. त्यांच्या किडन्या मी घालवल्या. कोणी हे मोठ्याने म्हणत नाही, अम्मीसुद्धा नाही, पण ती हल्ली माझ्या ताटात भाकरी ठेवते आणि माझ्याकडे बघत नाही.

त्या सहेरीला तुझी काहीच चूक नव्हती. यंदा संघ खरोखर जिंकत होता, मला काही रचावं लागत नव्हतं, आणि तू आनंदात म्हणालास, "गेल्या वर्षी त्र्याण्णव हरलेले हेच का ते?" अब्बांनी हातातला खजूर खाली ठेवला. "त्र्याण्णव?" एवढंच विचारलं. मग माझ्या दिशेने मान वळवून म्हणाले, "आनि रिपोर्ट?" जाताना तू मला जे म्हणालास ते मी रोज ऐकते. "अब्बांचे डोळे गेले होते आपा, अक्कल नाही."

एक ऑक्टोबरला बाल्टिमोर बाद फेरीत पोचलं. पंधरा वर्षांनी. अब्बांनी यासाठी केवढी वाट पाहिली होती. मी धावत जाऊन सांगितलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "बस कर, झेबा." मी अम्मीला वाचायला लावलं, तर म्हणाले तिलाही पढवून आणलंस. हरेश बिचारा येऊन सांगून गेला, त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर हसले. जे एक सुख मी त्यांना खरं देऊ शकले असते तेही मी आधीच नासवून ठेवलं होतं. डायलिसिसचंही तसंच. डॉक्टर बोलले तर म्हणतात, डॉक्टरला तू बाहेर गाठलं असशील. तुला फोन लावू म्हटलं, तर फोनवर नको, त्यालाही शिकवशील.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल दुपारी त्यांना फार धाप लागली. मी घाबरले आणि माझ्या तोंडून निघून गेलं की फहाद येतोय, शुक्रवारी, फोन आला होता. ते उठून बसले. माझा हात चाचपडत धरला आणि त्यांनी आपला हात माझ्या डोक्यावर ठेवून विचारलं, "खरं?" मी हो म्हटलं. आणि फहाद, त्यांनी विश्वास ठेवला. म्हणाले, तो समोर बसून रिपोर्ट वाचेल, तो जे सांगेल ते करीन, मशीन तर मशीन. आज सकाळी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. अम्मीलाही मी खरं सांगितलेलं नाही, ती तुझी गादी उन्हात टाकून आलीय. मी पुन्हा खोटं बोलले आहे, आणि हे खोटं खरं करणं माझ्या हातात नाही. गुरुवारी रात्री दोह्याहून विमान आहे, मी चौकशी केलीय. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, मी समोर नको असेन तर मी आपट्याला मामूकडे जाऊन राहीन. तू फक्त ये.

तुझीच,
जिच्यावर आता घरात कोणाचाच विश्वास नाही अशी
झेबाआपा