खाल्लेलं आणि अंगी लागलेलं

प्रिय दादा,

माझ्या हातचं पत्र बघून नक्की काहीतरी बिनसलंय, असं तू वहिनीला म्हणाला असशील. तसं नाही. गेला दीड महिना डोक्यात एक कोडं घोळत होतं, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्या वॉर्डात कपडे शिवणाऱ्या एक बाई आल्या. तुझ्यासारखंच त्यांचंही लहान आतडं निम्म्याहून जास्त कापलेलं. वय, उंची, वजन सूत्रात घालून मी त्यांना दिवसाला सतराशे कॅलरी लिहून दिल्या, पंधरा वर्षं सगळ्यांच्या सूत्राने काढते तशाच. बाई ताट चाटूनपुसून संपवायच्या, तरी वजन उतरतच राहिलं. नर्स माझ्या कानाशी लागली, "टाकून देत असतील हो." बाईंनी ते ऐकलं. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मोजून बघा की. मीही मोजल्याशिवाय कापत नाही."

मग मलाच राहवेना. त्यांच्या डोक्यावर पारदर्शक टोप ठेवून अर्धा तास श्वास मोजला. शरीर किती कॅलरी जाळतं ते श्वासावरून कळतं; त्यांचं जाळत होतं ते जवळपास सूत्राइतकंच. म्हणजे माझं गणित बरोबर, मग वजन का उतरतं? तीन दिवस त्यांचा घास न् घास तोलला, आणि नाक मुरडू नकोस, शौचाचं भांडंही. प्रयोगशाळेतल्या माणसाने ते वाळवून, जाळून त्यातली उष्णता काढली. खाल्लेल्याचा तिसरा हिस्सा तसाच बाहेर पडत होता. शरीराला किती लागतं, हे मी इतकी वर्षं विचारत आले. पोटात गेलेल्यातलं अंगी किती लागतं, हे कधी विचारलंच नाही. आता त्या दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं करून पंचवीसशेच्या पुढे खातात. वजन दोन किलोने वाढलंय. स्वतःचेच कपडे उसवायला लागतात म्हणून हसतात.

दादा, ऑपरेशननंतर तुझा आकडाही मीच काढला होता. तू म्हणायचास, "खातो गं मी, जातं कुठे ते मलाही कळत नाही." कचऱ्याचा डबा बघत जा, असं वहिनीला सांगणारी मीच. ते कळल्यावर तू तिच्याशी आठवडाभर बोलला नाहीस, तरी तिने माझं नाव घेतलं नाही. तू खोटं बोलत नव्हतास. हे फोनवर सांगायचा धीर झाला नाही. सोमवारी ये, तुझंही नीट मोजू. आणि आधी वहिनीशी त्या डब्याबद्दल बोल.

तुझीच,
उशिरा शहाणी झालेली धाकटी