कोपऱ्यातला हिरवा ठिपका

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून आधी तुला वाटलं असेल की आत्याला काय झालं. काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. उजवं मनगट अजून कुरकुरतं, म्हणून ओळी उताराला लागल्यात, तेवढं चालवून घे. फोन सोडून कागद का, ते पुढे येईलच.

आमच्या चिरंजिवांनी पाठवलेला लॅपटॉप येऊन तीन आठवडे झाले. देखणा आहे, वजनाला हलका आहे, तक्रारीला जागा नाही. पण सगळं आधीच मांडून पाठवलाय. झाकण उघडलं की न बोलावलेली मंडळी पुढे येतात. एक म्हणतो मी तुमचं विषाणूंपासून रक्षण करतो, एक हवामान सांगतो (मला खिडकी आहे), एक पत्त्यांचा डाव मांडून बसतो. त्यांचंही एकवेळ सोड. उजवीकडे खाली कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आहे. त्याला नाव नाही, गाव नाही. टिचकी मारली तर पासवर्ड मागतो. माझं टेबल, माझं यंत्र, आणि मलाच पासवर्ड!

माझी खोड तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण कारखान्यातून आलेलं कोरं घड्याळसुद्धा मागचं झाकण काढून, पुसून, तेलाचा थेंब देऊन मगच गिऱ्हाइकाला दिलं. आत काय आहे ते न बघता वस्तू वापरणं मला जमतच नाही. लॅपटॉपही असाच पुसून, पाटी कोरी करून नव्याने मांडता येतो, असं तू मागे म्हणाली होतीस. ते मला शिकव. येऊन करून देऊ नकोस, मलाच करायचंय.

आता कागदाचं कारण. डिसेंबरात मी न्हाणीघरात पडले, हे तुला आणि वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनाच माहीत आहे. चिरंजिवांना कळलं तर पहिल्या गाडीने येऊन मला सामानासकट तिकडे नेतील. आणि मला माझं टेबल, माझी खिडकी आणि माझ्या दाराची किल्ली सोडून कुठेही जायचं नाही. तो ठिपका काय बघतो, काय वाचतो, देव जाणे. त्याला निदान टपाल तरी फोडता येत नसावं.

उत्तराची वाट बघते. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग गंभीर झाले, मग पुन्हा हसले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली चाळीस यंत्रं मी दर सुट्टीत पुसून कोरी करते, पण हे काम टपालाने शिकवायची वेळ पहिल्यांदाच आली.

सोबत डबीत पेन ड्राइव्ह आहे. नवी मांडणी त्यात भरून ठेवली आहे. वायफाय सुरू करणारा प्रोग्रामही त्यातच वेगळ्या फोल्डरमध्ये आहे, नाहीतर सगळं झाल्यावर तुझं यंत्र जगाशी अबोला धरून बसायचं. वेगळ्या कागदावर एकेक पायरी लिहिली आहे. तो कागद लॅपटॉपच्या शेजारी ठेव. थोडक्यात असं: लॅपटॉप बंद कर, पेन ड्राइव्ह लाव, चालू होताच वरच्या ओळीतली एफ-बारा कळ टकटक दाबत राहा. यादी येईल, त्यातून पेन ड्राइव्ह निवड. पुढे डिस्कचे कप्पे दिसतील. ते एकेक करून पुसून टाक आणि उरलेल्या मोकळ्या जागेवर नवी मांडणी सुरू कर. मधे तो दोन-तीनदा आपोआप बंद होऊन चालू होईल, घाबरू नकोस. चार्जर लावलेला असू दे.

एक मात्र नीट ऐक. कप्पा पुसला की गेलं ते गेलं. तुझे फोटो आणि घड्याळांच्या नोंदी आधी दुसरीकडे काढून ठेव. घड्याळाचा स्क्रू घरंगळला तर कपाटाखाली तरी सापडतो, इथे कपाटच जातं.

आणि आता लहान तोंडी मोठा घास घेते. तो ठिपका बहुतेक दादानेच बसवला आहे. मी त्याला विचारलेलं नाही आणि तुझ्या पडण्याबद्दलही माझ्या तोंडून ब्र निघालेला नाही. पण पुसण्याआधी एकदा तूच त्याला सरळ विचारावंस, असं मला मनापासून वाटतं. पुढे तुझी मर्जी.

मनगट शेकत जा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी


१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच.

झालं! केलं! मी केलं!

चिरंजिवांना विचारलं नाही. माझ्याच यंत्राच्या किल्लीसाठी मी मुलापुढे हात पसरायचा? छे. नोंदी काढून ठेवल्या, दुरुस्तीच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं, डोळ्याला सवयीने भिंग लावलं आणि मग स्वतःलाच हसू आलं. उघडायला स्क्रूच नव्हता.

कप्पे दिसले तेव्हा मात्र हात थबकला. मला वाटलं होतं एक पोकळी असेल, तर आत चार कप्पे निघाले. त्यातले दोन तर वापरणाऱ्याला कधी दिसतच नाहीत. किती वेळ बघत बसले! मग एकेक पुसला. शेवटी उरली ती एकच ओळ, मोकळी जागा. नव्या घड्याळाची तबकडी अजून बसवायची असते ना, तसं वाटलं.

आता माझा पराक्रम ऐक. तू लिहिलंस की चालू होताच एफ-बारा दाबत राहा. मी आज्ञाधारक. तो मधे आपोआप बंद होऊन चालू झाला की मी पुन्हा टकटक, पुन्हा पेन ड्राइव्ह, पुन्हा कप्पे पुसणं. अशी मी तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली! चौथ्या वेळी ओट्यावरची दुधाची पिशवी फुटली म्हणून उठले, परत येते तो यंत्राने माझ्याशिवाय काम पुरं केलेलं. एकदाच दाबायची, एवढं लिहिलं असतंस तर तुझी शाई संपली असती का?

पडदा स्वच्छ आहे. हवामानवाला गेला, पत्तेवाला गेला, ठिपकाही गेला. पासवर्ड मी ठेवला, आणि तो फक्त मला ठाऊक आहे. संध्याकाळभर मी नुसती त्याच्यापुढे बसून होते.

असाच लोभ ठेव, आणि पुढच्या वेळी सूचना पुऱ्या लिही.

तुझी,
आत्या

ता. क. (१७ तारीख, सकाळ) पाकीट बंद करणार तोच दार धडधडलं. वरचे दंतवैद्य, एका हाताला रबरी हातमोजा, दुसरा उघडा, धापा टाकत. मी उभी आहे हे बघून तिथेच पायरीवर बसले. चिरंजिवांचा त्यांना फोन आला होता म्हणे, की आई सव्वाआठ वाजले तरी उठलेली दिसत नाही, जाऊन बघा. मी विचारलं, त्याला तिथे बसून कसं कळलं? त्यावर ‘त्यालाच विचारा’ म्हणून ते वर निघून गेले. भिंगरे, मला राग आलाय आणि भीतीही वाटतेय. नेमकं काय पुसलं मी?


१८ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कालच्या फोनवर तू दोन वाक्यं बोललीस आणि ठेवलास. म्हणून लिहितो. कित्येक वर्षांनी तुला पत्र लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

दंतवैद्यकाकांना बोल लावू नकोस. त्यांनी मला डिसेंबरातच सांगितलं होतं. चार तास थंड फरशीवर, आई. मी त्याच दिवशी गाडीचं तिकीट काढलं. निघण्याआधी तुला फोन केला, तर तू अर्धा तास एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलत होतीस. त्याचा लंबक कुणीतरी उलटा बसवला होता आणि तू ते शोधून काढलंस. पडण्याबद्दल एक अक्षर नाही. तू ते का लपवतेस, ते मला तेव्हा कळलं. मी तिकीट रद्द केलं. तुला तिथून हलवायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

पण ठरवलं म्हणून काळजी थोडीच जाते! सकाळी माझं कशात लक्ष लागेना. म्हणून लॅपटॉप घेतला. त्या ठिपक्याला तुझं काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. तू झाकण उघडलंस की माझ्या फोनवर एक ठिपका हिरवा व्हायचा, बस्स. तो झाला की मी चहा गाळायचो. पासवर्ड घातला, कारण तू उघडून बघणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला न विचारता केलं, हे माझं चुकलं. तू माझ्यापासून पडणं लपवलंस, मी तुझ्यापासून ठिपका लपवला.

काल तो हिरवा झाला नाही. ती वीस मिनिटं मी कशी काढली, ते लिहीत नाही. रागव, पण बोल.

तुझा,
अपराधी चिरंजीव


३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चिरंजिवांचं पत्र तुला फोनवर वाचून दाखवलंच. तू रडलीस, मी रडले नाही असं मी सांगितलं, ते खोटं होतं. अडीच महिने त्याला सगळं माहीत होतं. न्यायला येईल म्हणून मी घाबरत होते, आणि तो तिकडे मला नेऊ नये म्हणून स्वतःला आवरून धरत होता.

तू मागाहून पाठवलेल्या दुसऱ्या कागदाप्रमाणे ठिपका मीच परत बसवला. या वेळी एफ-बाराला हातही लावला नाही. पण एक दुरुस्ती केली. चिरंजिवांना सांगून तसलाच एक त्याच्या लॅपटॉपवर बसवून घेतला. तोही आता आपला लॅपटॉप स्वयंपाकघरात उघडतो, आणि त्याचा ठिपका माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात येतो. दोघांनाही पासवर्ड नाही. त्याने विचारलं की त्याचा ठिपका मला कशाला हवा. मी सांगितलं की एकटा तोही राहतो, आणि न्हाणीघर त्याच्याकडेही आहे.

आज सकाळी साडेसातला मी झाकण उघडलं. माझा ठिपका त्याच्याकडे हिरवा झाला असणार. त्याचा मात्र राखाडीच. पावणेआठ झाले, आठ झाले. मी गॅस बंद करून, हात पदराला पुसत, पडद्यापुढे उभी. आठ वाजून सात मिनिटांनी तो हिरवा झाला. साहेब झोपून राहिले होते!

मग मी चहा गाळला.

मनगट बरं आहे. सुट्टीत ये, आणि लोभ आहे तो असाच दोन्हीकडून चालू ठेव.

तुझी,
आत्या